रोजगाराचे आकडे आणि रोजगार

सरकारी रोजगार मेळावे आता आमच्या शहरास नवे राहिलेले नाहीत. मंडप उभा राहतो, मंत्री अथवा आमदार दीपप्रज्वलन करतात, तरुण मुले आपापल्या प्रमाणपत्रांच्या फायली घेऊन रांगा लावतात. इतक्या आस्थापना आल्या, इतक्या मुलाखती झाल्या, इतक्यांची 'प्राथमिक निवड' झाली, असे पत्रक सायंकाळी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत येऊन पडते. या पत्रकांतील आकडे खोटे असतात असा आमचा आरोप नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या प्रश्नाचे उत्तर आईबापांना हवे असते त्याचे उत्तर त्यांत नसते. प्राथमिक निवड झालेल्यांपैकी सातपूर वा अंबडच्या कारखान्यात प्रत्यक्ष रुजू किती झाले? सहा महिन्यांनी त्यांतील किती टिकले? आणि जे टिकले त्यांचे नाव कारखान्याच्या पटावर आहे की ठेकेदाराच्या वहीत?

ज्यांनी कधी शाळामास्तरकी केली आहे त्यांस हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. शाळेचा पट, शाळेची हजेरी आणि परीक्षेचा निकाल ही तीन निरनिराळी कागदपत्रे असतात, आणि पट दाखवून निकाल चांगला लागला असे सांगणाऱ्या मुख्याध्यापकास शिक्षणाधिकारी क्षणभरही उभे करणार नाही. रोजगाराच्या बाबतीत मात्र आमची सरकारे, मग ती कोणत्याही पक्षाची असोत, वर्षानुवर्षे पटच दाखवीत आली आहेत.

जून २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात राज्य सरकारने दर वर्षी दहा लाख तरुणांना प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण देण्याचे जाहीर केले. त्यातून 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' आली. बारावी उत्तीर्णास दरमहा ६,००० रुपये, आय.टी.आय. वा पदविका घेतलेल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० असे विद्यावेतन, आणि मुदत सहा महिने. योजनेमागील कल्पना मुळीच वाईट नव्हती. पुस्तकी शिक्षण झालेल्या मुलाला कामाची सवय लागावी, आणि मालकालाही तो पारखून घेता यावा, यात गैर काय आहे? परंतु पुष्कळ प्रशिक्षणार्थी शाळा, ग्रामपंचायती आणि सरकारी कचेऱ्या यांतच बसविले गेले, जेथे त्यांना पुढे सामावून घेण्यास रिकामी जागा नव्हती व ती निर्माण करण्याचा कोणाचा विचारही नव्हता. मुदत सरत आली तशी ही मुले निवेदने घेऊन दारोदार फिरू लागली. २०२५ साली मुदत आणखी पाच महिन्यांनी वाढविण्यात आली. मग 'आम्हांला कायम करा' अशी मागणी घेऊन ती रस्त्यावर उतरली. अकरा महिने राबलेल्या तरुणास बाराव्या महिन्यात काय मिळाले, याचा हिशेब या योजनेच्या जाहिरातीत कोठेही नाही.

हिशेब कसा मागावा हे महाराष्ट्राने परक्याकडून शिकण्याचे कारण नाही. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात जो प्रयोग झाला त्यातून रोजगार हमी योजना जन्मास आली. १९७२ च्या दुष्काळात, १९७३ च्या उन्हाळ्यापर्यंत, राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडीत व माती वाहत होती. तो अनुभव गाठीशी असल्यानेच १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. या कायद्याचे मर्म त्याच्या खर्चात नव्हते. मजुराने काम मागितले की पंधरा दिवसांत ते द्यावयाचे आणि न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा, या दोन वाक्यांत ते होते. योजना यशस्वी झाली की नाही हे सांगण्याचा अधिकार त्या दोन वाक्यांनी मंत्र्याकडून काढून मजुराच्या हाती दिला. १९७९-८० साली २० कोटींहून अधिक मनुष्यदिवसांचे काम निघाले. हा आकडा माणसांचा नसून दिवसांचा आहे, व तो तसाच सांगितला जात असे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. विधिमंडळाची समिती जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरून कामे पाही. नियोजन आयोग व राज्य सरकार यांनी मिळून मूल्यमापन केले. पुण्याच्या गोखले संस्थेतील कुमुदिनी दांडेकरांसारख्या अभ्यासकांनी प्रत्यक्ष कामांवरील मजुरांची पाहणी केली.

आमच्या वाचकांपैकी किती जणांना ठाऊक असेल न कळे, परंतु या योजनेचे पैसे त्यांच्या खिशातून गेले आहेत व जात आहेत. पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, मिळून वर्षाकाठी २,५०० रुपये, 'व्यवसाय कर' म्हणून कापले जातात. हा कर १९७५ साली रोजगार हमीच्या निधीसाठीच बसविण्यात आला. शहरातील कारकुनाने व प्राध्यापकाने खेड्यातील मजुराच्या कामाला हातभार लावावा, अशी ती योजना होती. देशातील फारच थोड्या करांचा हेतू इतका स्वच्छ असेल. मग ज्याने पैसे भरले त्याने त्यांचे काय झाले हे विचारू नये काय?

रोजगार हमीचा कारभार सोवळा होता असे मात्र कोणी समजू नये. हजेरीपटावरील खोटी नावे, मोजमापातील चोरी, पहिल्या पावसात वाहून गेलेले बांध या गोष्टी सर्वश्रुत आहेत. पण त्याहून बोधप्रद प्रकरण १९८८ चे आहे. त्या वर्षी किमान वेतनाचे दर दुप्पट झाले व रोजगार हमीवरील मजुरीही त्याप्रमाणे वाढली. मजुरी वाढल्यावर कामावर येणाऱ्यांची गर्दी वाढावयास हवी होती. झाले उलटेच, पुढील काळात हजेरी घसरली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त व शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा उलगडा केला. खर्चाला आवर घालण्यासाठी कामेच कमी काढली गेली होती. तथापि 'मागणी केली पण काम मिळाले नाही' अशांची सरकारी नोंद नगण्यच राहिली! ज्याचा अर्ज घेतलाच नाही, ज्याला तारखेची पोच दिलीच नाही, तो मजूर कागदावर बेकार नसतो. कायद्याने दिलेली हमी अशा रीतीने कायदा न मोडताही काढून घेता येते. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरील माणूस तालुक्याच्या गावी येतो, 'साहेब दौऱ्यावर आहेत' हे उत्तर ऐकतो, आणि दिवसाची मजुरी व गाडीभाडे गमावून परत जातो. हे दोनदा झाले की तिसऱ्यांदा तो मागणी करीत नाही, आणि अहवालात मागणी घटल्याची नोंद होते.

यंत्राने हा प्रश्न सुटेल अशी एक भाबडी समजूत आहे. १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाईलवर छायाचित्रासह घेणे बंधनकारक झाले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना लिहावे लागले की, कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, इतकेच नव्हे तर छायाचित्रांची छायाचित्रे, हजेरी म्हणून पाठविली जात आहेत. शिवाय हजर असलेल्याचे छायाचित्र घेता येते. कामाविना परत गेलेल्याचे कोण घेणार?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या ग्रामीण रोजगार कायद्याकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो. १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी ही बाब स्वागतार्ह आहे. परंतु बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार टाकला आहे, कोणत्या राज्यास किती पैसा द्यावयाचा ते केंद्र ठरविणार आहे, आणि त्यापुढील खर्च राज्याने सोसावयाचा आहे. हात आखडता घेण्याचे जे कारण १९८८ नंतर एका राज्यापुरते होते, ते आता देशभर उत्पन्न होईल अशी रास्त भीती वाटते. तसे झाल्यास मागणीची नोंद न घेण्याचा मोह प्रत्येक कचेरीस पडेल. म्हणून प्रत्येक तालुक्यात दरमहा किती जणांनी काम मागितले, किती जणांना पंधरा दिवसांत ते मिळाले व किती जणांना भत्ता दिला, हे तीन आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत, आणि त्यांची तपासणी योजना राबविणाऱ्या खात्याबाहेरील माणसांनी केली पाहिजे.

या कायद्यातील एक कलम तर आमच्या जिल्ह्यास थेट भिडणारे आहे. पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात वर्षातून साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा त्यात आहे. नाशिक जिल्ह्यात हंगाम एक नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीत भात-नागलीची लावणी पावसाळ्यात असते. निफाड-दिंडोरीत द्राक्षांची छाटणी ऑक्टोबरात आणि काढणी फेब्रुवारीपासून. घाटमाथ्यावरची कुटुंबे मुलाबाळांसह द्राक्षबागांत उतरतात ती याच महिन्यांत, कारण तेव्हा त्यांच्या गावी काम नसते. मजूर मिळत नाहीत ही बागाईतदारांची तक्रार जुनी आहे व ती सर्वस्वी खोटीही नाही. पण सरकारी काम बंद करून मजुराला बागेत उतरविणे हा तिच्यावरचा उपाय होऊ शकत नाही. गावात काम असताना जो बागेत येतो तो मजुरी ठरवून येतो, नसताना येतो तो मिळेल ती घेतो. क्षेत्रनिहाय निरनिराळे दिवस ठरविण्यास कायद्यात वाव आहे. तेव्हा सुरगाण्याचे साठ दिवस निफाडच्या छाटणीवरून ठरणार की सुरगाण्याच्या लावणीवरून, हे सरकारने तालुकावार जाहीर करावे, आणि त्या साठ दिवसांत काम मागावयास येऊन परत गेलेल्यांची मोजदादही त्याच फलकावर लिहावी.