अळ्यांची खानावळ



पत्र्याच्या डब्यात कोथिंबीर कशी लावावी हे आम्ही लिहिले, तेव्हा एका भगिनीने विचारले होते की, घरात तीन आणि पाच वर्षांची मुले आहेत, त्यांना कुंडीजवळ येऊ द्यावे की नाही? ती माती उकरतात, रोप उपटून मुळे बघतात. आमचे म्हणणे असे की, जरूर येऊ द्यावे. फक्त त्यांची कुंडी वेगळी असावी आणि तिच्यात काहीतरी खेळ असावा. कोथिंबीर वर यायला आठ-दहा दिवस लागतात. एवढा धीर मोठ्यांना नसतो, तर त्या लेकरांना कुठून असणार?

आमच्याकडचा खेळ कसा सुरू झाला ते सांगतो. त्यात चूक आमचीच होती.

चाळीच्या मागच्या गल्लीत, नळाच्या पलीकडे, दहा-बारा फूट उन्हाची जागा आहे. २०२२ च्या पावसाळ्यात तेथे आम्ही मुलांच्या हातून एक कढीपत्ता आणि एक लिंबाचे रोप लावून घेतले. पुढे एके सकाळी पाहतो तो कोवळी पाने कुरतडलेली, आणि पानांवर चिमणीने घाण करावी तशा काळपट-पांढऱ्या अळ्या! आमटीत टाकायचा कढीपत्ता तो. कामावर जायची घाई. आम्ही सात अळ्या वेचल्या आणि चपलेखाली चिरडल्या.

संध्याकाळी शेजारची पाच वर्षांची मुलगी कुंडीपुढे उकिडवी बसलेली. "मावशी, माझी बाळं कुठं गेली?" तीन दिवस ती रोज त्या अळ्या मोजत होती. पाखराने नेल्या असतील, असे आम्ही सांगून टाकले. तिच्या थोरल्या भावाने मात्र नळाजवळचा चेंदामेंदा तिला दाखवला. दोन दिवस ती आमच्याशी बोलली नाही.

मग आम्ही जरा चौकशी केली. त्या लिंबू फुलपाखराच्या अळ्या होत्या. या फुलपाखराची मादी लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर सुटे सुटे, पिवळसर, गोल अंडे घालते. तीन-चार दिवसांत अळी निघते. लहानपणी ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते म्हणूनच वाचते. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. तिला काडीने हळूच डिवचले तर मानेमागून नारिंगी रंगाची दोन शिंगे बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना याहून मोठी गंमत दाखवून बघा! अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सारे मिळून साधारण महिना लागतो.

हे ऐकून ती मुलगी म्हणाली, "मग आपण त्यांना जेवायला घालू." तिची आजी डबे करून देते, त्यामुळे खानावळ तिला चांगली ठाऊक. झाले! बागेचे नाव पडले अळ्यांची खानावळ. प्रत्येक कुंडी म्हणजे एक पंगत. अळी म्हणजे गिऱ्हाईक. भिंतीवर खडूने रोजच्या गिऱ्हाइकांच्या रेघा. थोरल्या भावाने पुठ्ठ्यावर लिहिले, "उधारी बंद."

अशी खानावळ काढायला खर्च फार नाही. रंगाचे रिकामे डबे, फुटकी बादली, मासळीबाजारातले थर्माकोलचे खोके, काहीही चालते. तळाला भोके मात्र हवीतच, नाहीतर मुळे कुजतात. लिंबू आणि कढीपत्ता ही मुख्य जेवणे. त्यांच्याजोडीला पानफुटी लावावी. तिचे नुसते पान ओल्या मातीवर ठेवले की कडेने बारीक रोपे फुटतात, त्यामुळे सगळ्यांत धाकट्या मुलाला हेच काम द्यावे. पानफुटीवरही एका छोट्या फुलपाखराची अळी येते. ती पानाच्या आत शिरून आतला गर खाते. पान उजेडात धरले तर बोगदे दिसतात. मोठ्या फुलपाखरांना मध लागतो, म्हणून झेंडू आणि सदाफुली. औषध फवारायचे नाही, तंबाखूचे पाणीसुद्धा नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर आधीच फवारलेले असते कधी कधी. ते धुऊन काही आठवडे तसेच वाढू द्यावे.

दोन गोष्टी कडकपणे सांगतो. रुईवर काळे-पिवळे पट्टे असलेली सुंदर अळी येते, पण रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना मोठी इजा होते. रुई कुंडीत आणू नये. मोकळ्या जागेत आपोआप उगवलेली असते, तेथे मुलांचा हात धरून लांबून दाखवावी. दुसरे म्हणजे कुंडीखालच्या ताटल्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडाभरात नवे डास तयार होऊ शकतात. म्हणून आमच्याकडे रविवारी खानावळीला सुट्टी. मुले सगळ्या ताटल्या उलट्या करून घासतात. हा खेळही त्यांना आवडतो, पाणी उडवायला मिळते ना!

रडारडही होते, ती लपवू नये. बुलबुल अळ्या उचलतो. अळी कोष करण्याआधी झाड सोडून भलतीकडे चालू लागते आणि सापडतच नाही. एकदा तर कोषाला बारीक भोक पडले आणि फुलपाखराऐवजी मुंगीएवढ्या कितीतरी गांधीलमाश्या बाहेर आल्या. मुले हिरमुसली. "ही फुकटी गिऱ्हाइकं," असे आजींनी म्हटल्यावर हसली.

महाराष्ट्राने २०१५ साली ज्या राणी पाकोळीला राज्य फुलपाखरू केले, तिची अळीसुद्धा लिंबाच्याच जातीच्या झाडांवर जगते. आमच्या गल्लीत ती अजून आलेली नाही. मुलांनी तिच्यासाठी एक डबा राखून ठेवला आहे.

उरला प्रश्न आमटीचा. कढीपत्ता विकत आणणे दर आठवड्याला कोणाला परवडते? त्यावर मुलांनीच पंचायत बसवली. वरचा शेंडा घराचा, खालच्या फांद्या गिऱ्हाइकांच्या. शेंड्यावर अळी चढली तर ब्रशने उचलून खाली ठेवायची. हे काम आमच्याकडे आहे.

ती मुलगी आता शाळेत जाते, लिहिते. यंदा लिंबाच्या डब्यावर तिने स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे : "चिरडू नये. मावशीने सुद्धा."