२८.४ चं २९.५

गेल्या रविवारी रात्री मी माझ्या लेकीला रीडिंग बदलायला सांगितलं. ती इथे न्यू जर्सीत दहावीला आहे, आणि केमिस्ट्रीचा लॅब रिपोर्ट सोमवारी द्यायचा होता. पोस्ट जरा लांबलीय, पण वाचा. हे एकट्या माझ्याच घरी होत नसणार.

प्रयोग तुम्हाला आठवत असेल. अनोळखी धातूचा तुकडा उकळत्या पाण्यात ठेवायचा, मग चटकन गार पाण्यात टाकायचा आणि पाणी किती तापलं ते बघायचं. गरम वस्तूने गमावलेली उष्णता म्हणजेच गार वस्तूने घेतलेली उष्णता. त्यावरून धातूची विशिष्ट उष्माधारकता काढायची आणि तक्त्यात बघून धातू ओळखायचा. आपल्याकडे तांब्याचा कॅलरीमापी असायचा, इथे एकात एक घातलेले कॉफीचे दोन थर्मोकोलचे कप.

तिचा तुकडा ५० ग्रॅमचा, १०० अंशांवर तापवलेला. पाणी १०० ग्रॅम, २२ अंश. शेवटचं तापमान २८.४. उत्तर आलं ०.७५ जूल प्रति ग्रॅम प्रति अंश. तिच्या तक्त्यात अॅल्युमिनियम ०.९०, लोखंड ०.४५, तांबं ०.३९, शिसं ०.१३. ०.७५ च्या आसपास कोणीच नाही. तुकडा हलका आणि पांढुरका होता म्हणे, म्हणजे अॅल्युमिनियमच. मी चष्मा लावला, गणित उलटं मांडलं आणि म्हटलं, "२९.५ लिही. ०.८९ येतं. झालं काम."

ती म्हणाली, "पण बाबा, थर्मामीटर २८.४ च दाखवत होता."

काय बोलणार? आमच्या कॉलेजात जर्नल असंच भरायचो. आधी उत्तर, मग त्याला शोभतील अशी रीडिंग्ज, वर सरांची सही. यात आम्हाला चलाखी वाटायची. वीस वर्षांनी तीच शिदोरी मी पोरीच्या डब्यात भरत होतो.

गंमत म्हणजे २८.४ हा आकडा बरंच काही सांगतो. तुकडा उकळत्या पाण्यातून कपापर्यंत नेताना हवेत निवला, तरी आपण तो १०० अंशांवरच धरला. थोडी उष्णता कपाने खाल्ली, थोडी थर्मामीटरने. म्हणून उत्तर कमी आलं. उलट तुकड्याला उकळत्या पाण्याचे थेंब चिकटून आले असते, तर ते जास्त आलं असतं. आणि पाणी तापलं जेमतेम ६.४ अंश, त्यामुळे वाचताना अर्ध्या अंशाची चूक झाली तरी उत्तर आठ-नऊ टक्के हलतं. मी सुचवलेल्या २९.५ मधून यातलं एक अक्षर कळलं नसतं.

मग आम्ही रात्री साडेदहाला आईने गावाहून आणलेला पितळी बत्ता दोऱ्याला बांधून उकळला. (देवघरातली घंटा मी मागितली होती, ती मिळाली नाही.) बत्ता ४०० ग्रॅम, रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये पाणी ४०० ग्रॅम, २२ अंश. बत्ता पुसून आत सोडला, पाणी २८.३ वर थांबलं. उत्तर ०.३७. पितळ साधारण ०.३८, म्हणजे फारच जवळ! पण लेक तक्त्याकडे बघत म्हणाली, तांबंही ०.३९ आणि जस्तही ०.३९, मग हे पितळच कशावरून? खरंच की. नुसत्या या आकड्यावर तिघांत निवड करता येत नाही. रंग बघावा लागतो, घनता मोजावी लागते. तांब्याची घनता ८.९६, जस्ताची ७.१४, तिथे फरक लगेच दिसतो.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर कॉमेंटमध्ये भांडा. इथे मुलांच्या अभ्यासाला बसताना आपण आपल्या मार्कांची भीती सोबत घेऊन बसतो. सायन्स फेअरचा तक्ता आपणच रंगवतो, आलेख आपणच सरळ करतो. मदत जरूर करा, पाणी उकळून द्या, काटा धरा, "असं का आलं असेल?" हे दहादा विचारा. पण मुलांनी मोजलेल्या आकड्याला हात लावू नका. पोर आपल्या डोळ्यांनी बघितलेलं सांगतंय आणि आपण म्हणतोय की पुस्तकाला विचार. उद्या ती रक्ताच्या रिपोर्टवर किंवा पुलाच्या हिशेबावर सही करेल तेव्हा?

रिपोर्टमध्ये तिने ०.७५ च लिहिलं. खाली लिहिलं, चूक १७ टक्के, कारणं तीन, आणि पुढच्या वेळी कप उकळत्या पाण्याच्या शेजारीच ठेवणार. मार्क अजून आलेले नाहीत. बत्ता सकाळी आईने चिंचेने घासून परत जागेवर ठेवला.