बेरीज एकीकडे, फोड दुसरीकडे आणि दंड आपल्याला

एडिसन-आयसेलिनच्या मंडळींनो, हे टॅक्सच्या सीझनआधीच वाचा.

मी राहतो न्यू जर्सीत. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं, त्यातलं बरंचसं न्यूयॉर्कमध्ये जाऊन करतो. म्हणजे वर्षाला एस्टिमेटेड टॅक्सचे हप्ते किती? संघ सरकारचे ४, न्यूयॉर्कचे ४, न्यू जर्सीचे ४. एकूण १२! आणि यासाठी कोट्यधीश असावं लागत नाही. न्यू जर्सीत वर्षाअखेर ४०० डॉलरच्या वर कर निघणार असेल तरी हप्ते लागू.

पहिल्या वर्षी मी सगळे हप्ते वेळेवर भरले. रिटर्न भरताना मात्र दोन्ही राज्यांची बेरीज करून न्यू जर्सीच्या रकान्यात टाकली. झालं! न्यू जर्सीच्या रिटर्नवर मी न भरलेले पैसे मागणारा, न्यूयॉर्कच्या रिटर्नवर कर बुडवणारा. पत्रं आली, निस्तरण्यात उन्हाळा गेला. पैसे तर सगळे सरकारकडेच होते हो!

चूक माझीच. पण ती होते का ते बघा. शेड्यूल ए वर वजावट मागताना दोन्ही राज्यांच्या आयकराची बेरीज एकाच ओळीत लिहायची. राज्यांच्या रिटर्नवर मात्र ज्याचे त्याला. त्यात १५ जानेवारीचा हप्ता राज्याच्या हिशेबात गेल्या वर्षाचा, पण संघाच्या वजावटीत भरला त्या वर्षाचा. हे सामान्य माणसाने कुठून शिकायचं?

कुणी म्हणेल, "राज्यं स्वायत्त आहेत, असंच चालणार." अहो, दर वेगळे ठेवा, नियम वेगळे ठेवा, कोण अडवतंय? पण खिडकी एक ठेवा ना! ट्रकवाल्यांना जमलंय. इंधनकराच्या 'इफ्टा' करारात ४८ राज्यं आणि कॅनडाचे १० प्रांत आहेत. ट्रकवाला दर तिमाहीला आपल्या एका राज्यात रिटर्न भरतो आणि वाटणी राज्यं आपसात करतात. ट्रकच्या डिझेलचा हिशेब ४८ राज्यांना जमतो आणि हडसनच्या दोन काठांना माझे आठ हप्ते जुळवता येत नाहीत?

जमत नाही असं नाही, करायचं नाही. कारण गोंधळाचा भुर्दंड त्यांना पडत नाही, आपल्याला पडतो.

तोवर एवढं करा. प्रत्येक हप्त्याची तारीख, रक्कम, राज्य आणि कोणत्या वर्षासाठी भरला ते एका वहीत लिहा. "सॉफ्टवेअर बघून घेईल" म्हणू नका, ते तुम्ही टाकाल तेच बघतं. आणि मतं मागायला दिवाळीच्या कार्यक्रमात येणाऱ्या आमदारांना फोटोआधी एकच विचारा: "आमची एक खिडकी कधी?"