पुण्याच्या कामाची तपासणी

आमचे जाहिरातदार तसे दिलदार. कृषी सेवा केंद्र, सराफ, पतसंस्था, मका-अद्रकीचे आडते. दसऱ्याला फोन केला की पान पक्कं. यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय कानावर गेला तेव्हा त्यांच्यातल्याच एका जुन्या स्नेह्यांनी विचारलं, "साहेब, लोक चिवडा खात अंक चाळतात. सणासुदीला कशाला काढता हे?" जाहिरात त्यांनी दिलीच, वर रंगीत पान घेतलं. पण त्यांचं विचारणं रास्त होतं. त्याचं उत्तर इथंच दिलेलं बरं.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला कन्नड तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार चढतो: भांडी, पांघरुणं, पिठाचे डबे, पाय बांधलेल्या कोंबड्या. तान्हं लेकरू आईच्या कडेवर चढतं. शाळेत जाणारं पोर एक तर सोबत जातं, नाही तर हंगामी वसतिगृहाच्या आधारानं मागं राहतं. मग एखाद्या घरात एक पोर उरतं. त्याला फिट येते, किंवा ते बोलत नाही, किंवा दहा वर्षांचं झालं तरी त्याचं शी-शू दुसऱ्याला बघावं लागतं. फडावर, कोपीत, पहाटे गाड्या भरताना त्याला कोण सांभाळणार? ते आजीकडे राहतं. आजी नसेल तर चुलतीकडे, मावशीकडे, आणि तेही जमलं नाही तर लांबच्या कुणाकडे, ज्यांना महिन्याकाठी काही पैसे कबूल केलेले असतात.

परदेशात याला फॉस्टर केअर म्हणतात. त्याला कायदा असतो, कागद असतात, विचारपूस करणारं माणूस दारात येतं. आपल्याकडे अशा घरांत हे सगळं भरवशावर चालतं, आणि बहुतेक ठिकाणी तो भरवसा खरा ठरतो. आज्यांनी पोटाशी धरून वाढवलेली अशी कितीतरी लेकरं या तालुक्यात आहेत. जिथं खरा ठरत नाही, तिथलं मात्र बाहेर येत नाही, कारण ज्याच्यावर बेततं त्यालाच ते सांगता येत नाही. कुणी कुठं राहायचं याची वाटणी घराघरांत याच दिवसांत ठरते. म्हणून हा विषय दिवाळीचा आहे.

सांगता न येणाऱ्या मुलांच्या वाट्याला काय येऊ शकतं, हे महाराष्ट्रानं एकदा पाहिलंय आणि तो ते सोयीनं विसरलाही आहे. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहात मुलं उपासमारीनं दगावल्याच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली आणि राज्यातल्या अशा संस्था पाहून यायला सांगितलं. पाहायला माणसं गेली आणि २०११ मध्ये कळंबोलीचं प्रकरण बाहेर पडलं. संस्थेचं नाव कल्याणी महिला बालसेवा संस्था. आत बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं-मुली. ज्यांच्या हवाली त्या मुली होत्या, तेच त्यांच्यावर अत्याचार करत होते. मार्च २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयानं संचालक रामचंद्र करंजुले आणि त्याच्या साथीदारांना दोषी ठरवलं.

कळंबोली म्हणजे काही रान नव्हे. सिडकोची वसाहत, शेजारून मुंबई-पुण्याची वाहतूक. तिथंही मुलींचा आवाज भिंतीबाहेर पोचला नाही.

याच्या शेजारी आणखी एक घटना ठेवून बघा. ३० जून २०२५ ला आपल्याच जिल्ह्याच्या गावी, संभाजीनगरच्या छावणीतल्या विद्यादीप बालगृहातून नऊ मुली पळून बाहेर पडल्या. छळ होतो, अशी त्यांची तक्रार होती. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, विधिमंडळात प्रश्न गाजला. त्या आरोपांचं काय ते कायदा ठरवील. मला दिसतं ते एवढंच की, त्या मुली पळू शकल्या आणि बोलू शकल्या, म्हणून त्यांचं कुणी तरी ऐकलं. पाय चालत नाहीत आणि जीभ वळत नाही, अशा मुलाच्या बाबतीत कोणालाच कामाला लागावं लागत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. असं मूल सांभाळणाऱ्यापुढं आपण हात जोडतो. "आपल्याच्यानं नसतं झालं बुवा, पुण्याचं काम करताय." यात खोटं काही नाही, पण एक पळवाट आहे. ज्याच्यापुढं हात जोडले त्याच्याकडं हिशेब मागायचा नसतो, अशी आपली रीत. देवस्थानांच्या बाबतीत ती थोडीफार मोडली. बालगृहांच्या बाबतीत नाही. दिवाळीत आपण मंडळाचे दहाजण फराळाची पाकिटं घेऊन जातो. मुलं हॉलमध्ये ओळीनं बसवलेली, केसांना तेल, अंगावर धुतलेले कपडे. फोटो निघतो, आपण परततो. न्हाणीघर कुणी बघत नाही. रात्रपाळीला कोण असतं, विचारत नाही. वजनाची वही मागत नाही. फिटच्या गोळ्या कपाटात छान रचलेल्या दिसतात आणि आपण समाधानानं मान डोलावतो. वास्तविक महिनाअखेरीला गोळ्यांची रिकामी पाकिटं दिसायला हवीत. कपाट भरलेलंच राहिलं, तर गोळ्या मुलांच्या पोटात गेलेल्या नाहीत.

हे पाहणं कायद्यात लिहिलेलं आहे, आणि चांगलं लिहिलेलं आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचं ५४ वं कलम सांगतं की, तपासणी समितीनं दर तीन महिन्यांतून किमान एकदा संस्थेला भेट द्यायची, पथकात तिघांपेक्षा कमी माणसं नकोत, त्यात एक बाई आणि एक वैद्यकीय अधिकारी हवाच. ७५ व्या कलमात क्रूरतेची शिक्षा आहे. संस्थेतल्या माणसानं ती केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. ८५ वं कलम त्याच्याही पुढं जातं: मूल अपंग असेल तर शिक्षा दुप्पट. फक्त एक अट आहे. त्याचं अपंगत्व वैद्यकीय व्यावसायिकानं प्रमाणित केलेलं हवं.

ही अट मुंबईत बसून साधी वाटते. इथल्या एखाद्या वस्तीवरून प्रमाणपत्रासाठी साठ-सत्तर किलोमीटरवर संभाजीनगर गाठायचं, तपासणीच्या दिवशीच पोचायचं, बुद्ध्यांक चाचणीसाठी पुढची तारीख घेऊन यायचं. आई-बाप फडावर, म्हाताऱ्या आजीनं त्या झटके येणाऱ्या पोराला एसटीत कसं चढवायचं? मग प्रमाणपत्र राहून जातं, त्याच्यामागं पेन्शन राहते, आणि उद्या पोराचं काही वाईट झालं तर दुप्पट शिक्षेचं कलमही कागदाअभावी लटकणार.

मागच्या हिवाळ्यात गौताळा अभयारण्याच्या बाजूच्या एका वस्तीवर अंगणवाडीताईंबरोबर गेलो होतो. पडवीच्या खांबाला दहा-अकरा वर्षांचा मुलगा बांधलेला. जुन्या लुगड्याची पट्टी, कमरेला गाठ. माझं डोकं सणकलंच. फोटो काढायला हात खिशाकडे गेला. ताई मात्र त्याच्याजवळ जाऊन बसल्या. सदरा वर करून कमरेचं कातडं पाहिलं, टाचा पाहिल्या, कोपरं पाहिली, डोक्याचा वास घेतला. पट्टीखाली फडक्याची घडी होती, कातडं कुठं सोललं नव्हतं. पाण्याचा तांब्या हाताशी होता. आजी कापसाचा झोळा टाकून आली तसा पोरगा आनंदानं आवाज काढू लागला. "हीर जवळ हाय बाई," आजी म्हणाली, "दोनदा गेलता काठावर. म्या एकली, काय करू?" ताईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वाटेत मला म्हणाल्या, "सर, मारलेलं पोर माणूस जवळ आलं की अंग चोरतं. हे नाही चोरत."

बांधणं बरोबर, असं मला म्हणायचं नाही. विहिरीला कठडा झाला तर पट्टी सुटेल, आणि कठड्याचं काम ग्रामपंचायतीचं आहे. पण तसाच खांब, तशीच पट्टी आणि तिच्याखाली चिघळलेली जखम, असंही दुसऱ्या एखाद्या घरात असू शकतं. रस्त्यावरून दोन्ही घरं सारखीच दिसतात. फरक कळतो तो सदरा वर करणाऱ्याला, आणि तोही वरचेवर येत असेल तर.

वरचेवर येण्याचा खर्च सरकारनं काढलेला आहे बरं का. राज्याची बालसंगोपन योजना १९७५ पासूनची. मुलाच्या सांभाळासाठी महिन्याला ४२५ रुपये होते, त्याचे ११०० झाले, आणि २०२३ पासून २२५० आहेत. देखरेख करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला मुलामागं महिन्याला २५० रुपये. हा आकडा ठरवणाऱ्या कारकुनानं एवढ्यात वस्तीवर येण्या-जाण्याचं पेट्रोल आणि कार्यकर्तीचा पगार भागवून दाखवावा, मी त्याचा सत्कार करीन. योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. सावित्रीबाई-जोतीरावांनी १८७४ मध्ये यशवंतला दत्तक घेतलं, शिकवून डॉक्टर केलं. त्या दोघांच्या घरी भेट द्यायला कुणाला पाठवायची गरज नव्हती. नाव त्यांचं घेतलं म्हणून बाकीच्या घरांची गरज संपत नाही.

दत्तकाचंही तसंच. कारा या केंद्रीय यंत्रणेमार्फत मूल दिलं, तर घराची आधी पाहणी होते आणि पुढं दोन वर्षं दर सहा महिन्यांनी चौकशी. नात्यागोत्यातलं दत्तक मात्र आपल्याकडे अजून १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानं होतं: दत्तकविधान, साक्षीदार, दुय्यम निबंधकाकडे नोंद, पेढे. पुढं त्या घरात कुणी डोकावत नाही. आणि पाहणी होते तिथंही ती पुरतेच असं नाही. २०१७ ते २०१९ या काळात कारामार्फत दिलेल्या मुलांपैकी शंभरात चारेक परत आली, आणि परत आलेल्यांत जवळजवळ चौथा हिस्सा विशेष गरजा असलेल्यांचा होता. परत केलेलं मूल निदान जिवंत असतं. नालंदाच्या अनाथाश्रमातून २०१६ मध्ये अमेरिकेला गेलेली सरस्वती, तिकडची शेरीन मॅथ्यूज, ऑक्टोबर २०१७ मध्ये टेक्सासमधल्या रिचर्डसन गावी मेली. वय तीन. वजन कमी, बोलणं मागं पडलेलं. दूध पीत नाही म्हणून रात्री बाहेर उभं केलं, असं दत्तक बापानं आधी सांगितलं. २०१९ मध्ये त्याला जन्मठेप झाली. खटल्यात क्ष-किरणांची चित्रं आली, त्यांत वेगवेगळ्या वेळी हाडं मोडल्याच्या खुणा होत्या. भारतीय कुटुंब, शिकलेलं घर, परदेशी यंत्रणा. सगळे शिक्के कागदावर होते.

याउलट अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस, मतिमंद, मूकबधिर मुलांना आपलं आडनाव लावलं. जळगाव रेल्वे स्टेशनवर, म्हणजे आपला कन्नडचा घाट उतरून पलीकडच्याच जिल्ह्यात, टाकून दिलेली दृष्टिहीन माला त्यांच्याकडे वाढली आणि २०२४ मध्ये एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी बाबांना पद्मश्री मिळाली. बाबांची जुनी मागणी मात्र तशीच आहे: अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना संस्थेबाहेर काढू नका. वझ्झरला माझा नमस्कार आहेच. तरी बाबांनंतर तिथं कोण जाऊन बघणार, हेही आजच विचारायला हवं. एका माणसाच्या चांगुलपणावर शंभर जिवांचा भार टाकणं ही आपल्या समाजाची आवडती युक्ती आहे.

गावपातळीवर व्यवस्था नाही असं नाही. ग्राम बाल संरक्षण समिती आहे: सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव, पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशाताई सदस्य. अंकाच्या निमित्तानं ओळखीच्या सरपंचांना विचारलं, समिती कधी बसली? एकानं प्रामाणिकपणे सांगितलं, "बोर्डावर नावं हायेत ना सर." दुसऱ्यानं मलाच विचारलं, की त्याला निधी येतो का.

आणि तरी या दिवसांत, याच गावांत, एक वही अगदी चोख लिहिली जाते. मुकादमाची. कोणती जोडी, किती कोयते, उचल किती, मागची बाकी किती, जामीन कोण. रुपयाचा फरक निघत नाही. ऊसतोड कामगार महामंडळाच्या ओळखपत्रासाठी ग्रामसेवकही नावं लिहून घेतो. जाणाऱ्यांची इतकी नोंद होते. मागं कोण राहिलं, कुणाच्या घरी राहिलं, ते दोन्ही ठिकाणी नसतं. ओळखपत्राच्या यादीत एक रकाना वाढवावा, मागं ठेवलेल्या मुलाचा, आणि ती यादी टोळी निघायच्या आत अंगणवाडीताईंच्या हाती द्यावी, अशी सूचना आम्ही तहसीलला लेखी देत आहोत. एका मुकादमाशी बोललो तेव्हा तो म्हणाला, "लिहितो की. पण त्याच्यावरून उद्या मलाच धरणार नाहीत ना?" त्याला काय सांगायचं, ते तहसीलदारांनी ठरवावं. टोळ्या पाडव्यानंतर निघतील.