चौघांचा प्रोजेक्ट, पण वहीत नाव कुणाचं? गावाकडच्या पोरांचे गुण कुठं जातात

महापे : इथल्या एमआयडीसीत मिलेनियम बिझनेस पार्कच्या बाजूला सकाळी उभं राहिलं की हातात फाईल धरलेली पोरंपोरी दिसतात. इंटरव्ह्यूला आलेली. त्यात आपल्या शहापूर, मुरबाड, कर्जतकडचीही असतात. नवीन इंजिनीअरला आत गेल्यावर एक प्रश्न ठरलेला असतो : कॉलेजात प्रोजेक्ट कोणता केला? आणि त्याला लागूनच दुसरा : त्यात तू स्वतः काय केलंस?

हा दुसरा प्रश्न कॉलेजात असताना कुणी नीट विचारतं का? आज त्याबद्दलच लिहितोय, कारण आपल्या भागातल्या बऱ्याच घरांचा पैसा आणि आशा या गुणांत अडकलेली आहे.

ग्रुपनं काम कशासाठी?

आपल्या वेळी पेपर लिहिला, पास झालो, विषय संपला. आता तसं नाही. इंजिनीअरिंगच्या पदवीला बाहेरच्या देशांत मान मिळावा म्हणून भारत २०१४ साली वॉशिंग्टन करार नावाच्या व्यवस्थेत कायम सदस्य झाला. त्यानुसार कॉलेजांना मान्यता देताना विद्यार्थ्याला काय काय यायला हवं याची बारा कलमांची यादी अनेक वर्षं वापरली गेली. त्यातलं नववं कलम होतं : एकट्यानं आणि गटात, दोन्ही प्रकारे काम करता येणं. ही अपेक्षा रास्तच आहे. कंपनीत कुणी एकटा काम करत नाही आणि शेतातही नाही.

मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात, ज्याला पोरं 'सी स्कीम' म्हणतात, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाला मिनी प्रोजेक्ट ठेवला. ग्रुप तिघांचा किंवा चौघांचाच, कमी नाही आणि जास्तही नाही. लोकांची गरज शोधायची, सर्व्हे करायचा, उपाय काढायचा, चालतं मॉडेल बनवायचं. टर्मवर्कचे २५ गुण. त्यातले १० गाईड देणार लॉगबुक बघून, १० तपासणी समिती देणार आणि ५ रिपोर्टच्या दर्जाला. तोंडी परीक्षेचे गुण वेगळे.

आणि हे फक्त इंजिनीअरिंगपुरतं राहिलेलं नाही. नव्या शैक्षणिक धोरणासाठी राज्य सरकारनं २० एप्रिल २०२३ ला जो शासन निर्णय काढला, त्यात बीए, बीकॉम, बीएस्सीलाही फिल्ड प्रोजेक्ट, समाजाशी जोडलेलं काम आणि कामावरचं प्रशिक्षण यांना क्रेडिट दिलंय. म्हणजे आज नाही तर उद्या प्रत्येक घरातलं पोरगं कुठल्या ना कुठल्या ग्रुपात बसणार.

गडबड कुठं होते?

माझ्या पुतणीचंच सांगतो. कॉलेजचं नाव घेत नाही. चौघांचा ग्रुप होता. विषय घेतला शेतातली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करायचा. गावात फिरून शेतकऱ्यांना विचारायचं काम तिनं केलं. वीज कधी येते, रात्री किती वेळा उठावं लागतं, मोटर का जळते, सगळं वहीत लिहून नेलं. त्याच्यावरच प्रोजेक्ट उभा राहिला. पण ग्रुप बसायचा कॉलेज सुटल्यावर, संध्याकाळी सहाला. तिला लोकल धरून पुढं शेवटची एसटी गाठायची. ती गेली की वडाप मिळेल तर मिळेल. रात्री व्हिडीओ कॉलवर चर्चा, तर आमच्याकडं रेंज ओट्यावर येऊन शोधावी लागते.

लॉगबुकात दर आठवड्याला हजर असलेल्यांची नावं पडत गेली. ही गैरहजर. शेवटी तिला २५ पैकी १४ आणि बाकी तिघांना २१. घरी आल्यावर म्हणाली, "काका, मी केलेला सर्व्हे रिपोर्टात आहे. पण तो मी केला असं कुठंच लिहिलेलं नाही."

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर लेख एकतर्फी होईल. आपली सगळीच पोरं बिचारी नसतात. "लांबून येतो" म्हणून काही जण खरंच काही करत नाहीत आणि रिपोर्टवर नाव लावून मोकळे होतात. त्यांना चौघांसारखेच गुण मिळाले तर रात्र रात्र जागणाऱ्याचा जीव जळणारच. गाईडपुढंही अनेक ग्रुप असतात. आठवड्यातून एकदा तोंड दाखवणाऱ्या पोरांत राबलं कोण आणि मिरवलं कोण, हे त्यांना कळायचं कसं?

दोरी ओढणारी माणसं

हे कोडं जुनंच आहे. फ्रान्सचे एक शेती इंजिनीअरिंगचे प्राध्यापक होते, मॅक्सिमिलियन रिंगेलमान. त्यांनी माणसांना दोरी ओढायला लावून प्रत्येकाचा जोर मोजला. १९१३ साली ते छापून आलं. एकटा माणूस जेवढं ओढतो, त्यापेक्षा गटात प्रत्येकाचा जोर कमी पडतो. आठ जण झाले तेव्हा तो जवळपास निम्म्यावर आला. थोडं कारण ताळमेळ न जमण्याचं, थोडं "दुसरा ओढतोय की" या वृत्तीचं. पुढच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखवली : आपला वाटा वेगळा मोजला जातोय हे माणसाला कळलं की ढिलाई कमी होते.

आपल्याला हे नवीन नाही. आवणीच्या सावडीत हेच असतं. आज माझ्या शेतावर तुमच्या घरची दोन माणसं आली, तर उद्या माझ्या घरची दोन तुमच्याकडं जाणार. कागदावर कुणी लिहीत नाही, पण कोण आलं, कोण उशिरा आलं, कोण बांधावर बसून राहिलं हे सगळ्या गावाला पाठ असतं. म्हणून सावड टिकते. काम सगळ्यांचं, पण हिशोब ज्याचा त्याचा. कॉलेजच्या ग्रुपात काम सगळ्यांचं असतं, हिशोबाची वही मात्र एकाच्याच हातात राहते.

नियम काय म्हणतो?

विशेष म्हणजे विद्यापीठाच्या त्याच नियमांत मिनी प्रोजेक्ट तपासायचे जे निकष दिलेत, त्यात सर्व्हेचा दर्जा हा एक निकष आहे आणि गटातल्या प्रत्येकाचं सदस्य किंवा प्रमुख म्हणून योगदान हाही एक आहे. म्हणजे पुतणीनं केलेल्या कामाला नियमात जागा होती. पण लॉगबुक ग्रुपमागं एकच. त्यात हजेरी लिहिली जाते, काम लिहिलं जात नाही. माझ्या मते चूक तिथं आहे.

परदेशात काही विद्यापीठांत ग्रुपातली पोरं एकमेकांच्या कामाला गुपचूप गुण देतात आणि त्यावरून प्रत्येकाचे गुण कमी-जास्त होतात. ऐकायला बरं वाटतं. पण तिघं एकाच सोसायटीतली आणि चौथं एसटीनं येणारं असेल, तर तिघांचं मत एकीकडं पडायला वेळ लागत नाही. म्हणून नुसतं पोरांच्या मतावर सोडून चालणार नाही. लेखी नोंद हवीच.

आपण काय करायचं?

पहिलं, ग्रुप ठरला की पहिल्याच आठवड्यात कोण काय करणार हे कागदावर लिहा, चौघांनी सह्या करा आणि गाईडना दाखवा.

दुसरं, लॉगबुकात आपल्या कामापुढं आपलं नाव आणि तारीख पडली का, हे दर आठवड्याला बघा. सर्व्हेची वही, फोटो, ग्रुपवर पाठवलेल्या फाईली पुसू नका.

तिसरं, संध्याकाळी थांबता येत नसेल तर ते आधीच सांगा. दुपारच्या सुट्टीत बसायची वेळ मागून घ्या. मुरबाडला अजून रेल्वे नाही, हे शहरातल्या पोराला आपोआप कळणार नाही.

चौथं, पुढं बोलायला लाजू नका. सर्व्हे तुमचा असेल तर तोंडी परीक्षेत तो तुम्हीच सांगा. आणि दुसऱ्यानं केलेला भागही समजून घ्या, कारण महाप्याच्या इंटरव्ह्यूत बाकीचे तिघं शेजारी नसतात.

पाचवं, अन्याय झालाच तर रडत बसू नका. लेखी पेपरची फोटोकॉपी मागता येते. टर्मवर्कला उत्तरपत्रिकाच नसते. पण यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार कॉलेजमध्ये विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते आणि मूल्यमापनातला अपारदर्शक कारभार हा तक्रारीचा विषय धरलेला आहे. समितीनं १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर पुढं १५ दिवसांत लोकपालाकडं अपील करता येतं. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

कॉलेजांकडं मागणं एकच आहे. ग्रुपच्या लॉगबुकात प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पान ठेवा आणि गुण देण्याआधी प्रत्येकाला पाच मिनिटं एकट्याला विचारा : तू काय केलंस? कंपनी विचारणारच आहे, मग आधी कॉलेजनं विचारलेलं बरं.

नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यानं लागू होतोय आणि स्वायत्त कॉलेजांचे नियम स्वतःचे असतात. त्यामुळं आपल्या कॉलेजात ग्रुपच्या कामाला किती गुण आहेत आणि ते कसे वाटले जातात, याचा कागद मागून घ्या. पालकांनो, पोरांना "किती पडले?" एवढंच विचारू नका. "ग्रुपात तुझ्याकडं काय काम आहे, आणि वहीत तुझं नाव आहे का?" हेही विचारा. तेही सबमिशनच्या आदल्या रात्री नको. टर्म सुरू झाली की लगेच विचारा.