विश्लेषण : सातपुड्यालगतच्या हवेतील धूळ अवकाशातून कशी मोजतात?

हिवाळ्यातल्या सकाळी चिखलदऱ्याहून खाली पाहिले, की वऱ्हाडच्या मैदानावर अनेकदा राखाडी थर दिसतो. वर आकाश मात्र निळे असते. मे महिन्यात आकाशच फिकट, धुळकट दिसते. हवेतील सूक्ष्म कण, म्हणजे एरोसोल, कोणत्या ऋतूत किती उंचीवर असतात, हे उपग्रहावरील लिडार सांगतो. अकोला आणि अमरावती ही दोन्ही शहरे राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत असल्याने हा प्रश्न केवळ संशोधकांचा नाही.

लिडार काम कसे करतो?

उपग्रह लेझरचा झोत जमिनीकडे सोडतो. कणांवर आदळून परतणाऱ्या प्रकाशाला लागलेल्या वेळेवरून उंची कळते, तर त्याच्या तीव्रतेवरून कणांच्या प्रमाणाचा अंदाज येतो. नासा आणि फ्रान्सच्या अवकाश संस्थेचा ‘कॅलिप्सो’ उपग्रह जून २००६ पासून हेच करत होता. धुळीचे कण ओबडधोबड असतात. त्यामुळे परतणाऱ्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून धूळ आणि धूर यांत फरक करता येतो.

ऋतूनुसार काय बदलते?

हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवाही जड होते. चुली, शेकोट्या, वाहने आणि शेतात जाळलेल्या पऱ्हाट्या यांचा धूर खालीच कोंडतो. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, तर चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे. म्हणूनच एकाच सकाळी मैदानात धूर आणि माथ्यावर स्वच्छ हवा असू शकते. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरची हवा काही किलोमीटर उंच उसळते. तिच्यासोबत स्थानिक माती, वणव्यांचा धूर आणि वायव्येकडून आलेली धूळही वर जाते. पावसाळ्यात पाऊस हवा धुऊन काढतो, पण दाट ढग लेझर अडवतात. त्यामुळे त्या काळातील नोंदी कमी मिळतात.

डोंगराजवळ अडचण काय?

लिडार उपग्रहाच्या मार्गाखालची अरुंद रेघच पाहतो. त्या रेघेत दरी आणि माथा लागोपाठ येतात, त्यामुळे थर जमिनीपासून नेमका किती उंच आहे, हे ठरवताना भूरूपाचा हिशेब ठेवावा लागतो. दिवसा सूर्यप्रकाशामुळे नोंदी अस्पष्ट होतात. म्हणून एका फेरीवर न विसंबता अनेक वर्षांच्या नोंदींची ऋतुनिहाय सरासरी काढतात.

वऱ्हाडासाठी महत्त्व काय?

अनेक उपग्रह हवेच्या संपूर्ण स्तंभातील कणांचा एकत्रित आकडा देतात. जानेवारी आणि मेमधला हा आकडा सारखा असला, तरी श्वासात जाणारी हवा सारखी नसते. जानेवारीत तेच कण नाकाशी असतात, मेमध्ये ते किलोमीटरभर वरही पसरलेले असतात. हवा मोजणारी केंद्रे प्रामुख्याने शहरांत असतात. अकोट, अचलपूरकडच्या पायथ्याच्या गावांचा अंदाज निव्वळ एकत्रित आकड्यावरून बांधला, तर हिवाळ्यातला धोका कमी लेखला जाऊ शकतो.

पुढे काय?

कॅलिप्सोचे काम ऑगस्ट २०२३ मध्ये थांबले. मे २०२४ मध्ये युरोप आणि जपानचा ‘अर्थकेअर’ उपग्रह गेला. मात्र त्याचा लिडार ३५५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश वापरतो. कॅलिप्सोचा ५३२ आणि १०६४ नॅनोमीटरचा होता. त्यामुळे दोघांचे आकडे थेट जोडता येत नाहीत, आधी त्यांचा मेळ घालावा लागतो. शिवाय जमिनीलगतच्या हवेची खातरजमा जमिनीवरच्या यंत्रानेच होते. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि माथ्यावर अशी यंत्रे एकाच वेळी चालली, तर अवकाशातल्या नोंदींचा गावपातळीवर उपयोग करता येईल.