कोजागिरीपर्यंत जाळी काढा, नाहीतर गाठ कायद्याशी आहे

गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे शंभर वर्षांहून अधिक काळ गाळ साचत आला. त्या गाळाची बेटं झाली, उथळ पाण्यात लव्हाळं आणि पाणकणीस माजलं, आणि पक्षी आपणहून येऊ लागले. हेच नांदूर मध्यमेश्वर १९८६ साली अभयारण्य झालं, २०१९ साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र. इथे कोणाचे नियम चालतात याचा काही लोकांना विसर पडला आहे, म्हणून ही उजळणी.

पहिला इशारा तंगुसाची जाळी लावणाऱ्यांना. पाण्यात ते जाळं दिसत नाही. वारकरी पक्षी बुडी मारतो, पाय अडकतो, तो जितका झटके देतो तितका दोरा मांसात रुततो. सकाळी जाळं ओढलं की माशांबरोबर बुडून मेलेला पक्षी वर येतो आणि त्याला काठावर भिरकावलं जातं. परवान्याशिवाय इथे जाळं टाकणं हाच गुन्हा आहे. पक्ष्यासाठी फासा लावणं, त्याला सापळ्यात धरणं, त्याची अंडी किंवा घरटं मोडणं ही तर कायद्याच्या भाषेत शिकारच. अभयारण्यातल्या शिकारीला किमान तीन वर्षं आणि कमाल सात वर्षं कैद आहे, शिवाय दंड. गुन्ह्यात वापरलेली होडी, गाडी, हत्यार जप्त होतं ते वेगळं. कोजागिरीपर्यंत सगळी जाळी बाहेर काढा. त्यानंतर जे जाळं सापडेल, ते पंचनाम्यात जाईल.

दुसरा इशारा कॅमेरेवाल्यांना. तुम्ही सुशिक्षित आहात, त्यामुळे तुमचा राग जास्त येतो. चक्रवाक आणि पट्टकादंब रात्री शेतात चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावतात. पट्टकादंब हिमालय ओलांडून इथे पोचतो. परतीच्या प्रवासाला लागणारी चरबी त्याला इथेच साठवायची असते. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून तुम्ही ढेकूळ फेकता, होडी थेट थव्यात घालायला लावता, ड्रोन उडवता, तेव्हा ती साठवण जळते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २७व्या कलमात अभयारण्यात वन्यप्राण्यांना त्रास देणं आणि कचरा टाकणं या दोन्हींना स्पष्ट मनाई आहे. पक्षी त्यात आलेच. ढेकूळ फेकताना दिसलात तर आम्ही तुमचा फोटो काढू आणि तो तक्रारीला जोडू.

पार्ट्या, फटाके, स्पीकर, गवत पेटवणं यावर चर्चाच नको. हे ज्यांना करायचं आहे त्यांनी दुसरं गाव बघावं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. काठावरच्या शेतकऱ्यांशी आमचं भांडण नाही. आपल्या जमिनीवर जाण्याचा त्यांचा हक्क कायद्यानेच मानला आहे, आणि पिकात उतरणाऱ्या थव्यांमुळे होणारं नुकसान वर्षानुवर्षं त्यांनीच सोसलं आहे. त्यांना कोणी पक्ष्यांच्या नावाखाली छळू लागलं, तर आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहू. मात्र शेताच्या आडून पाणथळीत भराव टाकणाऱ्याला ही सवलत नाही. २०१७च्या पाणथळ नियमांनी भराव, अतिक्रमण, कचरा आणि प्रक्रिया न केलेलं सांडपाणी या सगळ्याला बंदी घातली आहे.

समजावून सांगण्याचे दिवस संपले. या हंगामापासून प्रत्येक प्रकार जागा, वेळ आणि गाडीच्या नंबरासह १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर कळवला जाईल, लेखी तक्रारही जाईल. ज्याला ज्याला हे दिसेल त्यानेही कळवावं. माफीनामे घेऊन आमच्याकडे येऊ नका, तो अधिकार आमचा नाही.

आणि हा शेवटचा इशारा ज्यांच्या हातात कारवाई आहे त्यांना. तक्रारी टेबलावर पडून राहिल्या, तर साठ दिवसांची नोटीस देऊन कोणाही नागरिकाला थेट न्यायालयात जाता येतं, ही तरतूद वन्यजीव संरक्षण कायद्याच्याच ५५व्या कलमात आहे. नोटिशीचा मसुदा आम्ही तयार ठेवला आहे.